डिस्ट्रॉफिन आणि डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलाचा जनुकीय रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या आईवडिलांना त्या कागदाचा अर्थ समजावून सांगणं हे माझं रोजचं काम आहे. प्रश्न बहुतेक वेळा तेच असतात आणि त्यांची उत्तरं घाईत देता येत नाहीत, म्हणून ती इथे सविस्तर लिहिली आहेत. डुशेन या स्नायू हळूहळू झिजवणाऱ्या जनुकीय आजारातलं जवळजवळ सगळं डिस्ट्रॉफिन या एका प्रथिनाच्या आकारावरून उलगडतं. हे प्रथिन दोन टोकांनी दोन बाजू धरून ठेवतं. दोन्ही टोकं शाबूत असली तर मधला बराचसा भाग गेला तरी निभावतं. टोक गेलं की पकडच सुटते. एवढं लक्षात राहिलं की रिपोर्ट वाचता येतो आणि नव्या औषधाची बातमी आली तर ती आपल्या मुलाला लागू आहे का, हेही ताडता येतं. म्हणून आधी प्रथिनाबद्दल आणि मग आजाराबद्दल.

डिस्ट्रॉफिन म्हणजे नेमकं काय?

स्नायू आकुंचन पावतो तो ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांमुळे. ओढण्याचं काम त्यांचं. डिस्ट्रॉफिन काहीच ओढत नाही. प्रत्येक स्नायुतंतूभोवती एक पातळ पटल असतं. त्या पटलाच्या आतल्या बाजूला अस्तरासारखं डिस्ट्रॉफिन असतं आणि ते आतल्या सांगाड्याला पटलाशी, पर्यायाने बाहेरच्या आधाराशी जोडून ठेवतं.

स्नायूतल्या एकूण प्रथिनांपैकी डिस्ट्रॉफिनचा वाटा साधारण ०.००२ टक्के आहे. एवढ्याशा गोष्टीने काय बिघडणार, असं वाटू शकतं. कपड्याच्या वजनात शिवणीच्या धाग्याचा वाटा किती असतो, ते आठवून पाहा. धागा उसवला की कापड कितीही चांगलं असलं तरी ओढ पडताच ते वेगळं होतं.

त्याची रचना कशी असते?

डिस्ट्रॉफिन हे ३,६८५ अमिनो आम्लांची लांबलचक साखळी आहे. त्याचं रेणुवस्तुमान ४२७ किलोडाल्टन, म्हणजे प्रथिनांच्या जगात ते चांगलंच थोराड. त्याचे चार भाग पडतात.

पहिलं टोक पेशीच्या आतल्या ॲक्टिनच्या धाग्यांना धरतं.

मधला भाग म्हणजे लांब दांडा. एकसारखे २४ तुकडे एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक तुकड्यात तीन सर्पिल पेड एकमेकांना बिलगलेले असतात आणि जागोजागी चार बिजागऱ्या असतात. ताण आला की हा दांडा थोडा ताणतो, वाकतो आणि परत येतो. यातल्या काही तुकड्यांना आणखीही कामं आहेत. उदाहरणार्थ, १६व्या आणि १७व्या तुकड्याला एक विकर (एन्झाइम) चिकटून बसतं. ते नायट्रिक ऑक्साइड तयार करतं आणि त्यामुळे काम करणाऱ्या स्नायूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. म्हणून डिस्ट्रॉफिन नसलेल्या स्नायूला मेहनतीच्या वेळी पुरेसं रक्तही मिळत नाही.

तिसरा भाग सिस्टीन या अमिनो आम्लाने समृद्ध आहे. माझ्या मते हाच सगळ्यात मोलाचा. तो पटलात रुतलेल्या बीटा डिस्ट्रोग्लायकनला पकडतो. बीटा डिस्ट्रोग्लायकन बाहेरच्या अल्फा डिस्ट्रोग्लायकनला धरतं आणि ते तंतूभोवतीच्या जाळीतल्या लॅमिनिनला. आतून बाहेरपर्यंत अशी ही एक सलग साखळी आहे. तिला बाजूने आधार देणारी चार सार्कोग्लायकन प्रथिनं पटलातच असतात.

शेवटचं टोक सिंट्रोफिन आणि डिस्ट्रोब्रेव्हिन या दोन प्रथिनांना जागेवर ठेवतं.

हे प्रथिन नसेल तर स्नायूत काय होतं?

जिना उतरताना मांडीचा पुढचा स्नायू आकुंचन पावत असतो आणि त्याच वेळी लांबतही असतो. पटलावर सर्वांत जास्त ताण येतो तो अशा वेळी. निरोगी स्नायूत हा ताण डिस्ट्रॉफिनच्या साखळीवाटे बाहेरच्या जाळीत वाटला जातो. साखळी नसेल तर पटलाला बारीक चिरा पडतात. त्यांतून बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं, आणि आत इतकं कॅल्शियम झालं की प्रथिनं कापणारी विकरं जागी होतात. तंतू आतून खाल्ला जातो. त्याच चिरांतून आतलं क्रिएटिन कायनेज रक्तात झिरपतं. रक्ततपासणीत वाढलेलं सीपीके दिसतं ते हेच.

मग शरीर दुरुस्तीला लागतं. तंतूंच्या कडेला असलेल्या राखीव पेशी विभागून नवे तंतू बनवतात. पण नव्या तंतूंतही डिस्ट्रॉफिन नसतंच, त्यामुळे तेही फाटतात. दाह कायमचा मुक्कामाला येतो. या राखीव पेशींना नीट विभागण्यासाठीही डिस्ट्रॉफिन लागतं, हे २०१५ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून पुढे आलं, म्हणजे दुरुस्तीची यंत्रणाही मुळातच अधू असते. वर्षांमागून वर्षं हे चालल्यावर स्नायूची जागा तंतुमय ऊती आणि चरबी घेतात. मुलाच्या पोटऱ्या भरदार दिसतात त्यामागेही पुढे पुढे हीच चरबी असते.

बायोप्सीचे दोन काप शेजारी ठेवून पाहिले की हे फार स्पष्ट दिसतं. डिस्ट्रॉफिनसाठी रंगवलेल्या निरोगी स्नायूत प्रत्येक तंतूभोवती एक चकचकीत कडं असतं. मधाच्या पोळ्यासारखी घट्ट बसलेली जाळी दिसते. आजारी स्नायूत ती कडी नाहीत. तंतू लहानमोठे, गोलसर, एकमेकांपासून दूर गेलेले. क्वचित एखाद्या तंतूभोवती मात्र कडं उमटलेलं असतं. त्या एका तंतूत पेशीने चुकीचा तुकडा आपणहून वगळलेला असतो. या एकाकी तंतूंचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

डुशेन आणि बेकर हे दोन वेगळे आजार आहेत का?

जनुक एकच, आजाराची तीव्रता वेगळी. डुशेनमध्ये डिस्ट्रॉफिन जवळजवळ नसतंच. बेकरमध्ये ते असतं, पण आखूड किंवा कमी. डुशेनची मुलं उपचाराशिवाय साधारण वयाच्या १२व्या वर्षाच्या आसपास चालणं थांबवतात. बेकरचे रुग्ण १६ वर्षांनंतरही चालत असतात आणि अनेकजण चाळिशी-पन्नाशीपर्यंत चालतात.

इथे लोकांना एक गोष्ट चमत्कारिक वाटते. जनुकाचा मोठा तुकडा गळलेल्याला सौम्य बेकर होतो आणि छोटा तुकडा गळलेल्याला डुशेन. असं कसं? पेशी जनुकाचा मजकूर तीन तीन अक्षरांच्या गटांनी वाचते. हे वाक्य घ्या:

मदन सतत कमळ बघत बसला.

प्रत्येक शब्द तीन अक्षरांचा. आता यातला 'सतत' हा अख्खा शब्द काढा. 'मदन कमळ बघत बसला.' थोडा अर्थ गेला, पण वाक्य वाचता येतं. हा बेकर. आता अख्खा शब्द न काढता फक्त 'स' हे एक अक्षर काढा आणि पुन्हा तीन तीनचे गट पाडा:

मदन ततक मळब घतब सला.

गेलं एकच अक्षर, पण तिथून पुढचं सगळं निरर्थक झालं. पेशीला अशा मजकुरात लवकरच थांबण्याची खूण लागते आणि अर्धवट प्रथिन मोडीत निघतं. दुसरं टोक, म्हणजे पटलाला धरणारा तो मोलाचा भाग, तयारच होत नाही. हा डुशेन. किती गळलं यापेक्षा तीनाचा हिशोब सुटला का, हे महत्त्वाचं. इंग्रजी रिपोर्टमध्ये 'इन फ्रेम' आणि 'आउट ऑफ फ्रेम' लिहितात ते यालाच.

हा नियम दहापैकी सुमारे नऊ रुग्णांत लागू पडतो. अपवादही त्याच तर्काला धरून असतात. तीनाचा हिशोब जुळूनही सिस्टीनचा भाग गळला असेल तर आजार डुशेनसारखाच तीव्र होतो, कारण पकड सुटलेली असते.

मधला भाग खरंच इतका बिनमहत्त्वाचा आहे का?

बिनमहत्त्वाचा नाही, पण त्यात बरंच काही जादा आहे. १९९० मध्ये एका कुटुंबाची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांच्या जनुकातला प्रथिन घडवणारा ४६ टक्के मजकूर गळालेला होता, सगळा दांड्यातला. त्या कुटुंबातले एक गृहस्थ ६१व्या वर्षीही चालत होते. जवळपास अर्धं प्रथिन नसताना! आज ज्या जनुक उपचारांची चर्चा होते, त्यांची मूळ कल्पना या एका नोंदीतून आली. माझ्या लेखी या आजाराच्या इतिहासातली ही सर्वांत आशादायक नोंद आहे.

हे जनुक कुठे असतं आणि ते इतक्या वेळा का बिघडतं?

एक्स गुणसूत्राच्या आखूड भुजेवर, एक्सपी २१ या ठिकाणी. मानवी शरीरातल्या सर्वांत लांब जनुकांपैकी ते एक आहे. सुमारे २२ लाख अक्षरं, ७९ एक्झॉन, म्हणजे प्रथिनासाठी लागणाऱ्या मजकुराचे सुटे तुकडे. त्यातला प्रथिन घडवणारा मजकूर मात्र जेमतेम ११ हजार अक्षरांचा. बाकी सगळा मधला पसारा. एक प्रत उतरवायला पेशीला सुमारे १६ तास लागतात. एवढ्या लांब मजकुरात चूक व्हायला जागाही तेवढीच. साधारण तीनपैकी दोन रुग्णांत एक किंवा अनेक एक्झॉन गळालेले असतात. काहींत एक्झॉन दुप्पट झालेले असतात आणि उरलेल्यांत एखाद-दुसऱ्या अक्षराचा बदल असतो. गळती सर्वांत जास्त होते ती ४५ ते ५५ या एक्झॉनच्या पट्ट्यात.

फक्त मुलग्यांनाच का होतो? आईमुळे होतो असं म्हणतात, ते खरं का?

मुलग्यांत एक्स गुणसूत्र एकच असतं. त्यावरचं जनुक बिघडलं तर भरपाई करायला दुसरं नसतं. मुलींत दोन असतात, त्यामुळे बहुतेक जणी बऱ्या राहतात. जन्मणाऱ्या सुमारे ५,००० मुलग्यांमागे एकाला डुशेन असतो.

आईबद्दलचं वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे, आणि बहुतेकदा आई समोर बसलेली असताना. म्हणून स्पष्ट लिहिते. गर्भारपणात तिने काय खाल्लं, काय उचललं, कुठे गेली, याचा या आजाराशी काडीचाही संबंध नाही. साधारण एक तृतीयांश मुलांत हा बदल नव्यानेच झालेला असतो, आई वाहकही (म्हणजे बिघडलेलं जनुक बाळगणारी) नसते. आणि वाहक असली तरी तो बदल तिने निवडलेला नसतो. तिलाही तो तिच्या आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असतो, किंवा तिच्यातच पहिल्यांदा घडलेला असतो. दोष शोधण्यात घालवलेला वेळ मुलाच्या वाट्याचा असतो.

आईची तपासणी मात्र जरूर करावी. वाहक आईच्या प्रत्येक मुलग्याला आजाराची आणि प्रत्येक मुलीला वाहक असण्याची शक्यता ५० टक्के असते. आईच्या रक्तात बदल सापडला नाही तरी धोका शून्य होत नाही. काही वेळा तो फक्त तिच्या बीजांडांपैकी काहींत असतो आणि रक्तात दिसत नाही. म्हणून पुढच्या गर्भारपणात गर्भाची तपासणी करून घेण्याचा पर्याय अशा आयांनाही दिला जातो.

वाहक स्त्रियांपैकी काहींना स्नायूंचा अशक्तपणा जाणवतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांच्या हृदयाच्या स्नायूवर परिणाम होऊ शकतो, कसलाही त्रास नसताना. मुलाच्या धावपळीत आई स्वतःचा इको कधीच करत नाही. तो ठरावीक काळाने करायलाच हवा.

मुलगा खूप पडतो, उशिरा चालायला लागला. कोणत्या खुणा पाहाव्यात?

दीड वर्षापर्यंत चालत नसेल, तीन-चार वर्षांचा होऊनही धावता किंवा उडी मारता येत नसेल, चवड्यांवर चालत असेल, जिना चढताना कठडा सोडत नसेल, पोट पुढे काढून डुलत चालत असेल, पोटऱ्या घट्ट आणि मोठ्या असतील, तर दाखवून घ्या. उशिरा बोलणं हीसुद्धा एक खूण आहे, पण ती सहसा कोणी स्नायूंशी जोडत नाही.

सर्वांत बोलकी तपासणी घरात, जमिनीवर होते. मुलाला खाली बसवा आणि उठायला सांगा. निरोगी मूल झटकन उठतं. या आजारातलं मूल आधी पालथं वळतं, हात टेकतं, पाय फाकवून पार्श्वभाग वर उचलतं, मग एक हात गुडघ्यावर ठेवतं, मग दुसरा, आणि स्वतःच्याच मांड्यांवर हात चढवत चढवत सरळ उभं राहतं. कंबर आणि मांड्यांची ताकद कमी पडते म्हणून ते हातांची मदत घेतं. याला गॉवर्स खूण म्हणतात. विल्यम गॉवर्स या डॉक्टरांनी १८७९ मध्ये तिचं वर्णन केलं. मोबाइलवर याचं चित्रण करून डॉक्टरांना दाखवा. अनोळखी खोलीत मूल बुजतं आणि हीच गोष्ट करून दाखवत नाही.

आधी यकृताचा आजार सांगितला होता. असं कसं होतं?

एएलटी आणि एएसटी ही विकरं यकृतात असतात तशी स्नायूंतही असतात. स्नायू फाटले की तीही रक्तात वाढतात. कावीळ झालेली नाही, मूल खातंपितं आहे, तरी 'लिव्हर एन्झाइम' वाढलेली दिसतात आणि शोध यकृताच्या दिशेने सुरू होतो. एका मुलाची फाइल मला आठवते. सोनोग्राफी, काविळीच्या सगळ्या तपासण्या, यकृताची बायोप्सीही झालेली. वर्षभराच्या त्या कागदांत सीपीके कुठेच नव्हतं. ते पाहिलं तेव्हा हजारांत निघालं. हे आठवलं की आजही मन खट्टू होतं, कारण ती तपासणी साध्या रक्ताच्या नमुन्यावर होते.

जीजीटी नावाचं विकर स्नायूंत जवळजवळ नसतं. एएलटी-एएसटी वाढलेली आणि जीजीटी नॉर्मल, असं दिसलं तर सीपीके करायला सांगा. हा आग्रह धरायला संकोचू नका.

निदान पक्कं कसं करतात?

सुरुवात सीपीकेपासून. डुशेनमध्ये ते जन्मापासूनच वाढलेलं असतं, नेहमीच्या मर्यादेच्या दहा ते शंभर पट. ते नॉर्मल असेल तर लहान मुलात डुशेन नाही असंच धरतात. वाढलेलं असेल तर जनुकीय तपासणी. आधी एमएलपीए, त्यात गळालेले किंवा दुप्पट झालेले एक्झॉन कळतात. त्यात काही सापडलं नाही तर पूर्ण जनुकाचं सिक्वेन्सिंग. दोन्हींतून उत्तर मिळालं नाही तरच स्नायूची बायोप्सी. एमएलपीए 'निगेटिव्ह' आली म्हणजे आजार नाही, असा समज करून घेऊन परतलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. तिथे थांबू नका.

आजाराला हे नाव कसं पडलं?

ड्यूशेन द बुलोन्य या फ्रेंच डॉक्टरांवरून. त्यांनी १८६० च्या दशकात याचं सविस्तर वर्णन केलं. इंग्लंडमध्ये एडवर्ड मेरिऑन यांनी त्याच्याही आधी, १८५० च्या सुमारास, अशा मुलांच्या नोंदी केल्या होत्या आणि तंतूचं पटल मोडतं हेही ओळखलं होतं. त्या काळच्या सूक्ष्मदर्शकाने! नाव मात्र त्यांचं लागलं नाही. सौम्य प्रकाराला जर्मनीच्या पीटर एमिल बेकर यांचं नाव आहे. लुई कुंकेल यांच्या प्रयोगशाळेने १९८६ मध्ये जनुकाचा भाग शोधला आणि १९८७ मध्ये प्रथिन. आधी जनुक शोधून त्यावरून अज्ञात प्रथिनापर्यंत पोहोचण्याच्या पद्धतीचं हे अगदी सुरुवातीचं यश होतं. आजाराच्या नावावरूनच प्रथिनाला डिस्ट्रॉफिन म्हटलं गेलं.

बुद्धीवर परिणाम होतो का?

काही मुलांत होतो. याच जनुकातून डिस्ट्रॉफिनची छोटी रूपंही तयार होतात आणि त्यातली काही मेंदूत काम करतात. बिघाड जनुकाच्या शेवटाकडे असेल तर ही रूपंही जातात आणि शिकण्यातल्या अडचणींची शक्यता वाढते. या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक ८५ च्या आसपास असतो, पण सरासरीच्या दोन्ही बाजूंना मुलं असतात आणि अनेकजण अभ्यासात उत्तम असतात. ऐकलेलं लक्षात ठेवणं, वाचन, एकाग्रता यांत अडथळे जास्त दिसतात. स्नायूंसारखी ही अडचण वाढत जात नाही. शाळेत लवकर मदत मिळाली तर फरक पडतो.

स्टेरॉइड का देतात? ती तर घातक असतात ना?

दाह कमी करून ती स्नायूंची झीज मंदावतात. प्रेडनिसोलोन किंवा डिफ्लाझाकॉर्ट वेळेवर सुरू केलं तर चालणं साधारण दोन-तीन वर्षं लांबतं, पाठीच्या कण्याचा बाक कमी येतो, श्वासाची ताकद जास्त टिकते. दुष्परिणाम खरे आहेत: वजन वाढणं, उंची खुंटणं, हाडं ठिसूळ होणं, मोतीबिंदू, चिडचिड. व्हॅमोरोलोन हे त्याच कुळातलं नवं औषध अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालं. त्यात उंची खुंटण्याचा त्रास कमी दिसतो. वेगळ्या मार्गाने काम करणारं गिव्हिनोस्टॅट २०२४ मध्ये आलं.

एक गोष्ट कधीही करू नका: स्टेरॉइड एकदम बंद करणं. काही महिने बाहेरून स्टेरॉइड मिळाल्यावर शरीराच्या स्वतःच्या ग्रंथी झोपी गेलेल्या असतात. गोळ्या अचानक थांबल्या, किंवा उलट्यांमुळे पोटात टिकल्या नाहीत, तर जीव धोक्यात येतो. जिवंत विषाणूंच्या लसी स्टेरॉइड सुरू होण्याआधी पूर्ण करून घ्या.

व्यायाम करावा की आराम?

दोन्ही टोकं चुकीची. पोहणं, सपाट रस्त्यावर बेताचं चालणं, खेळणं चांगलं. वजनं उचलणं, उड्या मारणं, उतारावर धावणं, ताकद वाढवण्यासाठी घाम गाळणं टाळायचं, कारण लांबत असतानाचं आकुंचनच पटल फाडतं. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी स्नायू दुखले किंवा लघवी गडद तपकिरी झाली तर ते जास्त झालं आणि गडद लघवी असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. घोट्याचं हळुवार ताणणं रोज हवं. रात्री झोपताना घोट्याला लावायचे स्प्लिंट मुलांना आवडत नाहीत, पण टाच वर ओढली जाण्याचं प्रमाण त्याने कमी होतं.

'एक्झॉन स्किपिंग' म्हणजे काय? माझ्या मुलाच्या रिपोर्टमध्ये ४८ ते ५० गळाल्याचं लिहिलंय.

मघाचं मोडलेलं वाक्य आठवा: 'मदन ततक मळब घतब सला.' त्यात 'स' गेला होता आणि मागे 'तत' उरलं होतं. ती दोन अक्षरंही मुद्दाम गाळली तर? 'मदन कमळ बघत बसला.' वाक्य परत जुळलं. जास्त गाळून अर्थ परत मिळवायचा, हीच एक्झॉन स्किपिंगची कल्पना. बायोप्सीत क्वचित दिसणारे ते कडीवाले तंतू हेच आपणहून करत असतात.

आता तुमचा रिपोर्ट. एक्झॉन ४८ मध्ये १८६ अक्षरं, ४९ मध्ये १०२ आणि ५० मध्ये १०९. बेरीज ३९७. तिनाने भागा, बाकी एक उरते. हिशोब सुटला, म्हणून डुशेन. पुढचा ५१वा एक्झॉन २३३ अक्षरांचा. तोही वगळला तर एकूण ६३०, तिनाने नि:शेष भाग जातो. म्हणजे हा मुलगा ५१ वगळण्याच्या औषधासाठी पात्र ठरतो. सुमारे १३ टक्के मुलांना हे लागू पडतं. हा हिशोब मी पालकांकडून कागदावर करून घेते. आकडे जुळले की त्यांच्या चेहऱ्यावर, बहुधा पहिल्यांदाच, आपल्याला काहीतरी कळलं असा भाव येतो.

औषधांकडून अपेक्षा मात्र बेताची ठेवा. ५१ साठीचं एटेप्लिर्सन अमेरिकेत २०१६ मध्ये, पुढे आणखी पुरावा द्यावा लागेल या अटीवर मंजूर झालं. त्यानंतर ५३ साठी गोलोडिर्सन आणि विल्टोलार्सन, ४५ साठी कॅसिमर्सन आली. एटेप्लिर्सनने तयार झालेलं डिस्ट्रॉफिन नेहमीच्या एक टक्क्याच्या आसपास होतं. ही औषधं रक्तातून स्नायूपेशीच्या आत फार कमी पोहोचतात आणि हृदयात त्याहून कमी. तत्त्व पक्कं आहे, पोहोचवणं अवघड आहे.

जनुक उपचाराने आजार बरा होतो का?

आज नाही. जनुक पोहोचवण्यासाठी निरुपद्रवी केलेला एएव्ही विषाणू वापरतात. त्यात साधारण ४,७०० अक्षरंच मावतात आणि डिस्ट्रॉफिनला ११ हजार लागतात. म्हणून ६१व्या वर्षी चालणाऱ्या त्या गृहस्थांचा धडा गिरवून शास्त्रज्ञांनी सूक्ष्म डिस्ट्रॉफिन बनवलं. ॲक्टिनला धरणारं टोक ठेवलं, पटलाला धरणारा भाग ठेवला, दांड्याच्या २४ तुकड्यांतले फक्त ४ ठेवले. अशी एक उपचारपद्धती २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. स्नायूंत सूक्ष्म प्रथिन तयार होतं, हे दिसलं. पण मोठ्या चाचणीत हालचालींच्या मुख्य मोजमापावर ठरवलेला फरक सिद्ध झाला नाही, आणि २०२५ मध्ये चालणं थांबलेल्या दोन मुलांचा उपचारानंतर यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. चालणं थांबलेल्या मुलांसाठी वापर थांबवावा लागला.

हे उपचार एकदाच देता येतात, कारण शरीर त्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. मृत तंतू परत येत नाहीत. 'मूळ पेशी' टोचून आजार बरा करतो, असं सांगून पैसे मागणाऱ्यांकडे मात्र जाऊ नका. अशा इंजेक्शनांनी डिस्ट्रॉफिन परत आलेलं नाही.

हृदय आणि फुफ्फुसांचं काय?

आयुष्य किती लांबणार हे आज मुख्यतः इथे ठरतं. हृदयाच्या स्नायूतही डिस्ट्रॉफिन असतं. मुलगा फारसा हालचाल करत नसल्याने हृदयाचा थकवा बाहेर दिसत नाही, म्हणून निदानापासून दरवर्षी इको किंवा एमआरआय. एसीई इन्हिबिटर गटातलं औषध दहाव्या वर्षापर्यंत सुरू करतात, इको चांगला असला तरी. श्वासाची मोजणी पाच-सहा वर्षांपासून दरवर्षी. सकाळी डोकं दुखणं, रात्री वारंवार जाग येणं, दिवसा पेंग येणं ही रात्री श्वास कमी पडत असल्याची चिन्हं आहेत. तेव्हा मास्कवाटे श्वास देणारं यंत्र लागतं, खोकायला मदत करणारं यंत्रही लागतं. पूर्वी ही मुलं विशीच्या आतच जात. चांगली देखभाल मिळालेले तरुण आज तिशीत आणि त्यापुढेही आहेत.

ऑपरेशन किंवा तातडीची वेळ आली तर?

भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा. सक्सामेथोनियम हे औषध या मुलांना देऊ नये, त्याने स्नायूंतलं पोटॅशियम एकदम रक्तात येऊन हृदय थांबू शकतं. हुंगवून देण्याच्या भुलीही टाळतात, शिरेतून देण्याची भूल सुरक्षित. दम लागला म्हणून नुसता ऑक्सिजन लावणंही धोक्याचं ठरू शकतं. अडचण श्वासाच्या स्नायूंची असते, कार्बन डायऑक्साइड साठत जातो, तो मोजला पाहिजे आणि श्वासाला यंत्राचा आधार द्यायला हवा. हाड मोडल्यानंतर किंवा जोरात पडल्यानंतर अचानक धाप लागली, मूल गोंधळल्यासारखं वागू लागलं, तर हाडातली चरबी रक्तात गेली असण्याची शक्यता सांगा आणि थांबू नका. स्टेरॉइड चालू असेल तर आजारपणात, अपघातात आणि ऑपरेशनच्या वेळी वाढीव मात्रा लागते.

आजाराचं नाव, जनुकातला बदल, चालू औषधं आणि त्यांच्या मात्रा, स्टेरॉइड कधीपासून, सक्सामेथोनियम नको, नुसता ऑक्सिजन नको, शेवटच्या इकोचा आकडा. एवढं एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा. एक प्रत व्हीलचेअरच्या खिशात, एक दप्तरात, एकीचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये.